यादी आधी, आकडा नंतर

आमचा ग्रुप दिवाळी पहाटेचे कार्यक्रम करतो. सांगलीत हा धंदा करायचा म्हणजे श्रोत्यांकडून सूट नाही. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं ते याच गावात, आणि अब्दुल करीम खाँसाहेब राहिले ते शेजारच्या मिरजेत. त्यामुळे नाट्यपदातली एखादी जागा हुकली की पहिल्या रांगेतल्या आजोबांची मान हलायची थांबते. पैशाचा विषय निघाला मात्र, की हेच गाव म्हणतं, "ताई, घरचाच कार्यक्रम आहे, जरा बघा की."

सुरुवातीला दोन गायक, पेटी आणि तबला एवढ्यावर आम्ही सोसायट्यांचे कार्यक्रम केले. नारळ, शाल आणि पाकीट. पाकिटात किती, ते घरी गेल्यावर कळायचं. माझं ठीक होतं, पण मिरजेहून पहाटे चारला निघणाऱ्या तबलजींना पाकिटाच्या भरवशावर कसं बोलावणार? ग्रुपची हिशेबाची वही तेव्हापासूनची.

आता फोनवर मी आकडा सांगतच नाही. आधी गाण्यांची यादी ठरवू, मग पैशाचं बोलू. दीड तासाचा कार्यक्रम म्हणजे दीड तासाचे पैसे, असा लोकांचा समज असतो. आमचा खर्च होतो तो तालमीत. भूपाळी, अभंग, दोन नाट्यपदं, भावगीतं आणि शेवटी भैरवी, एवढं आमचं बसलेलं आहे, एका तालमीत होतं. कमिटीने त्यात जुन्या हिंदी सिनेमाची चार गाणी घातली की कीबोर्ड आला, ऑक्टोपॅड (ड्रमचे आवाज काढणारं इलेक्ट्रॉनिक वाद्य) आला, आणखी दोन तालमी आल्या. म्हणून साध्या यादीला 25 हजार, आणि पुढे वाढेल ते वादक आणि तालमीच्या हिशेबाने. साउंड, मंच, गाडी वेगळी. यादी पक्की झाली की निम्मा इसार, उरलेले मंचावर चढण्याआधी. सिनेमाची गाणी असतील तर आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा) परवाना आयोजकांनी काढायचा, हेही पत्रात लिहितो. आमची उलाढाल 20 लाखांच्या आत, त्यामुळे बिलावर जीएसटी नसतो. एवढं ऐकूनच काही खजिनदार खूश होतात.

दिवाळीचा दर जास्त का, हे विचारतातच. दिवाळीच्या पहाटा मोजक्या आणि चांगला तबलजी सगळ्यांना हवा. त्या दिवसांत साथीदार दीडपट घेतात, आणि त्यांनी घ्यावेतच. घासाघीस करणाऱ्यांना मी वसुबारस किंवा धनत्रयोदशी सुचवते: गायक तेच, वादक तेच, दर एरवीचा.

यादीत मन रमतं ते क्रम लावताना. पहाटे आवाज जड असतो, म्हणून पहिली दोन-तीन गाणी मंद्र-मध्य सप्तकातली, म्हणजे खालच्या-मधल्या सुरांतली. तार षड्जावर, म्हणजे वरच्या 'सा'वर, रेंगाळणारं नाट्यपद उजाडल्यावर. माझी पट्टी, म्हणजे पेटीवरची ज्या सुरात गाते ती पट्टी, काळी चार, सहगायकाची काळी एक. एक त्याचं, एक माझं असं ठेवलं तर दर गाण्याला सूर बदलतो आणि तबलजींची उलथापालथ होते. म्हणून त्याची गाणी सलग. कृष्णेकाठी उघड्यावर कार्यक्रम असेल तर दव पडतं, पुडी (तबल्यावरचं कातडं) ओलसर होते आणि तबला उतरतो. तेव्हा आमची निवेदिका मुद्दाम लांबण लावते आणि मागे तबलजी गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या विणलेल्या वेढ्यावर) हातोडीचे हलके ठोके देत स्वर चढवून घेतात. ती फार बोलते, अशी तक्रार दरवर्षी एकदा तरी येते.

उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 स्पीकर लावता येत नाही. 2000 सालापासूनचा नियम आहे. कमिटीला तर साडेपाचच हवे असतात. मग पहिला अर्धा तास नुसता तानपुरा, पेटी, तबला, आणि माइक बंद. सोसायटीच्या चौकात हे फार छान ऐकू जातं. काही कमिट्या आता तेवढ्यासाठीच आम्हाला बोलावतात, आणि या अर्ध्या तासाचे पैसे कमी करा, असं आजवर कुणी म्हटलेलं नाही.

फर्माइशीसाठी यादीत दोन जागा रिकाम्या ठेवतो. चिठ्ठी आली आणि गाणं बसलेलं असलं तर म्हणतो. नसलं, तर चिठ्ठीसोबत 500 ची नोट आली तरी नाही म्हणतो. आजोबा पहिल्या रांगेतच बसलेले असतात.

यंदाची पाडव्याची पहाट आधीच ठरली आहे. वसुबारस अजून मोकळी आहे.