बीओक्यूच्या फाईलचं नाव बदललं आणि टेंडर हातचं गेलं

आमची फर्म म्हणजे मी, मुकादम आणि चार गवंडी. कामं सगळी नाशकात, ओळखीतली, पाथर्डी फाट्याला कुणाचं कंपाउंड, सातपूरला कुणाच्या शेडचा कोबा. सरकारी कामाच्या वाटेला कधी गेलो नाही, वडील म्हणायचे तिथं टेंडरचा फॉर्म घ्यायला गेलं तरी चारजण अडवतात. आता टेंडर महाटेंडर या सरकारी पोर्टलवर असतं, सिडकोत घरी बसून भरता येतं, म्हटलं एकदा भरून तर बघू.

डीएससी म्हणजे डिजिटल सही, ती क्लास ३ लागते, आणि घेताना सायनिंग (सही करायची) आणि एन्क्रिप्शन (रेट कुलूपबंद करायची) दोन्ही मागा. मी नुसती सायनिंगची घेऊन आलो आणि परत पैसे घातले. पेनड्राइव्हसारखं टोकन असतं, पासवर्ड सारखा चुकला की लॉक होतं, तोही प्रकार झाला. ईएमडी म्हणजे अनामत रक्कम स्वतःच्याच खात्यातून भरा, काम नाही लागलं तर ज्या खात्यातून गेली तिथंच परत येते, मित्राच्या खात्यातून भरलीत तर बसा मग मागत.

आता खरी गंमत. बीओक्यू म्हणजे कामाच्या बाबी आणि मापांची यादी, रेट भरायची एक्सेलची फाईल, पोर्टलवरूनच उतरवायची, मॅक्रो चालू करायचे, दिलेल्या रकान्यातच रेट टाकायचे. रेट जीएसटीसकट की सोडून ते आधी वाचा, १८ टक्के अंगावर आले तर मजुरीही निघायची नाही. हे सगळं मी बरोबर केलं आणि फाईल सेव्ह करताना नाव दिलं 'शाळा कंपाउंड फायनल २'. दुपारी ३ ला मुदत, मी अडीचला अपलोडला बसलो, पोर्टल घेईचना. भाच्याला फोन लावला तर तो म्हणे मामा नाव बदललं का, बदललं असेल तर नाही घेणार. परत फाईल उतरवली, परत सगळे रेट टाकले, घामाघूम झालो, तीनला पाच कमी असताना अपलोड झाली आणि मी चहा सांगितला. शेवटी 'फ्रीज बिड' दाबायचं असतं ते राहिलंच. म्हणजे बिड भरलंच नाही!

पुढचं टेंडर दोन दिवस आधी भरलं. उघडल्यावर सगळ्यांचे रेट मोबाईलवर दिसले, पहिला माणूस सरकारी अंदाजापेक्षा २२ टक्के बिलो, त्या पैशात तो काय बांधणार देव जाणे. तिसऱ्यांदा लागलं, आडगावकडे गटारीचं काम.

तिथं मुकादमाला एकच शिस्त लावली, चर बुजवायच्या आधी टेप लावून फोटो, तारीख आणि लोकेशनसकट, ग्रुपवर. एके ठिकाणी मुरुमाखाली खडक लागला होता, इंजिनिअर एमबी, म्हणजे बिलासाठीची मापाची वही, लिहिताना म्हणाले खडक कुठं दिसतोय. चर तर कधीच बुजलेला. मी ग्रुप उघडून फोन त्यांच्या हातात दिला, त्यांनी दोनदा झूम करून पाहिलं आणि माप लिहून घेतलं.