डबा वेगळा, जिन्नस वेगळा

शनिवार, रात्री

आवाजाची फाइल एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात न्यायची म्हटलं की हात आधी कन्व्हर्टरकडे जातो. त्याआधी फाइलच्या पोटात काय आहे ते बघायला हवं. नावाच्या शेवटी असलेलं एमपीफोर किंवा एमफोरए हा नुसता डबा. आत एएसी (आवाज दाबून लहान करण्याची एक पद्धत) भरलंय की आणखी काही, ते व्हीएलसी या प्लेअरमध्ये फाइल चालू असताना कंट्रोल आणि जे दाबलं की कळतं.

मोबाइलवर घेतलेल्या कीर्तनाच्या व्हिडिओचंच बघा. आतला आवाज बहुतेक वेळा एएसी असतो. एफएफएमपेग या आज्ञा लिहून चालवायच्या प्रोग्रामला चित्र वगळून आवाज जसाच्या तसा उचलायला सांगितलं, म्हणजे आवाजाच्या कोडेकच्या (दाबण्या-उलगडण्याच्या पद्धतीच्या) जागी ‘कॉपी’ लिहिलं, की दोन तासांचं कीर्तन काही सेकंदांत एमफोरए फाइलमध्ये येतं. काहीच नव्याने दाबलं जात नाही, म्हणून काही हरवतही नाही. हेच काम एमपीथ्रीत केलं तर वेळ जास्त जातो आणि आवाजही थोडा उतरतो. बहुतेकांना रूपांतर हवं असतं तिथे खरं तर एवढा डबा बदलणंच पुरतं.

मात्र नाव बदलून डबा बदलत नाही. एमफोरएच्या शेपटीला एमपीथ्री लिहिलं तरी आत एएसीच राहतं. काही प्लेअर आत डोकावून बघतात आणि वाजवतात. गाडीतला जुना स्टिरिओ अडून बसतो आणि दोष पेनड्राइव्हला जातो.

१२८ केबीपीएसची (सेकंदाला १२८ किलोबिटची) एमपीथ्री ३२० वर नेणं हे तर निव्वळ नुकसान. फाइल अडीचपट होते, गेलेले बारकावे परत येत नाहीत, उलट दुसऱ्यांदा दाबल्याने आणखी थोडे जातात. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्राममध्ये स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे किती उंच स्वर आहेत ते दाखवणारं चित्र, उघडला तर बऱ्याचदा १६ किलोहर्ट्झच्या वर काळोख दिसतो, आणि ३२० च्या नव्या फाइलमध्येही तो तसाच राहतो. अशी एमपीथ्री फ्लॅकमध्ये, म्हणजे काहीही न गमावता फाइल लहान करणाऱ्या फॉरमॅटमध्ये, टाकली तरी तेच. दाबलेल्यावरून दाबलेलं करायचं नाही, एवढं जरी पाळलं तरी घरातले जुने आवाज पुष्कळ वाचतील. जुन्या माणसांच्या आवाजाची दुसरी प्रत कुठून आणणार?

रविवार

कॅसेटचं काम वेगळं, कारण इथे पहिली फाइलच आपण तयार करतो. अनेक लॅपटॉपवर हेडफोन आणि माइकसाठी एकच भोक असतं आणि त्यातला माइकचा भाग मोनो, म्हणजे एकाच बाजूचा, असतो. टेपचा हेडफोनचा आवाज तिथे जोडला तर डावी-उजवी अशा दोन्ही बाजू मिळत नाहीत, शिवाय आवाज फाटतो. लाइन इन (बाहेरच्या यंत्राचा आवाज घेणारं भोक) असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्यावं. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी ठेवावी. शून्याला, म्हणजे वरच्या मर्यादेला, टेकून कापला गेलेला आवाज नंतर नीट जोडता येत नाही.

साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू, ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने), १६ बिट, स्टिरिओ, म्हणजे सुमारे ३१८ एमबीची वेव्ह, ही न दाबलेली फाइल. फ्लॅक केल्यावर ती साधारण अर्धी ते दोनतृतीयांश होते आणि उलगडली की मूळचा प्रत्येक बिट परत मिळतो. फ्लॅकचे ० ते ८ हे आकडे दर्जाचे नव्हेत. ८ ला फाइल किंचित लहान होते आणि वेळ जास्त लागतो, एवढाच फरक. ऑडॅसिटी आत ३२ बिट फ्लोटमध्ये (दशांश आकड्यांत) काम करते आणि फ्लॅक फ्लोट ठेवत नाही, म्हणून बाहेर काढताना २४ बिट निवडावं. लांबलचक रेकॉर्डिंग वेव्हमध्येच ठेवायचं असेल तर ४ जीबीची मर्यादा ध्यानात हवी. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असेल तर ती दोन तासांच्या थोडं पुढे येऊन ठेपते.

वाटण्याची प्रत या फ्लॅकवरूनच काढायची. गाण्याला लेम या एमपीथ्री करणाऱ्या प्रोग्रामचा व्ही२ हा दर्जा, म्हणजे सरासरी १९० केबीपीएसच्या आसपास. नुसतं बोलणं असेल तर मोनो ६४ केबीपीएस पुरतं, तासाला जेमतेम २९ एमबी. ओपस या नव्या फॉरमॅटच्या मोनो ३२ मध्येही बोलणं स्वच्छ ऐकू येतं आणि तास १४ एमबीत बसतो, पण जुन्या यंत्रांना ओपस समजत नाही.

कीर्तनाचे तुकडे पाडून एमपीथ्री केल्या तर दोन तुकड्यांच्या मध्ये उचकी लागते. एमपीथ्री आवाज ठरावीक चौकटींत भरते, एक चौकट ११५२ नमुन्यांची, सुमारे २६ मिलिसेकंदांची. सुरुवातीला आणि शेवटाला थोडी शांतता भरली जातेच. लेम ती किती आहे ते फाइलमध्ये लिहून ठेवतो, पण सगळे प्लेअर ते वाचत नाहीत. म्हणून अख्खं कीर्तन एकाच फाइलमध्ये द्यावं, ताल तुटत नाही.

देवनागरी नावांसाठी टॅग (फाइलच्या आत लिहिलेली नावं) आयडीथ्री २.३ या प्रकारात, यूटीएफ-१६ ही अक्षरं साठवण्याची पद्धत वापरून लिहावेत. तरीही गाडीत प्रश्नचिन्हं दिसली तर त्या प्रतीपुरतं नाव रोमनमध्ये ठेवावं. क्रमांक ०१, ०२ असे द्यावेत, नाहीतर एकनंतर दहा वाजतं.

मूळ आवाजाची एमडी५ खूण, म्हणजे त्यावरून काढलेला ठसाच, फ्लॅक स्वतःच्या डोक्यात ठेवतं. फ्लॅकची चाचणी चालवली की फाइल उलगडून ती खूण पडताळली जाते. चाचणी पार पडली आणि फ्लॅकची प्रत दुसऱ्या डिस्कवर गेली, मगच वेव्ह पुसायची.