घट्ट तार आणि दुखरे कोपर

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी चहाचे पातेले सांडशीने उचलताना उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूने अशी कळ आली की पातेले तसेच ओट्यावर परत ठेवावे लागले. मी रामनगरच्या कोर्टवर आठवड्यातून चार सकाळी टेनिसचे दुहेरीचे सामने खेळते आणि पंधरा वर्षांत हाताने कधी तक्रार केली नव्हती. धंतोलीतील अस्थिरोगतज्ज्ञांनी, मनगट मागे उचलणाऱ्या स्नायूंचा कंडरा कोपराच्या हाडाला जिथे जुळतो नेमक्या त्या जागी बोट दाबले, सहा आठवडे विश्रांती सांगितली आणि मग विचारले, "रॅकेट बदलली आहे का?" दोनच महिन्यांपूर्वी बदलली होती.

नवी रॅकेट 265 ग्रॅमची, जाड आणि कडक फ्रेमची होती, आणि तिला पॉलिएस्टरची तार 58 पाउंडांवर ताणून दिलेली होती. विकणाऱ्याने दोन गोष्टी ठामपणे सांगितल्या होत्या: हलकी रॅकेट हाताला सोपी जाते, आणि गटिंग, म्हणजे रॅकेटमध्ये ओवलेल्या तारा, जितके घट्ट तितका शॉटला जोर येतो. कोर्टवरही हेच ऐकत आल्यामुळे मला शंका आली नाही. विश्रांतीच्या सहा आठवड्यांत मी या दोन विधानांचा जमेल तितका अभ्यास केला आणि दोन्ही चुकीची आहेत, या निष्कर्षाला आले.

तारेपासून सुरुवात करते, कारण सगळ्यांत मोठा गैरसमज तिथेच आहे. नियमानुसार टेनिसचा चेंडू 254 सेंटिमीटर उंचीवरून कठीण जमिनीवर सोडला तर तो 135 ते 147 सेंटिमीटर उसळायला हवा. म्हणजे आपटताना चपटा होण्यात तो आपली जवळजवळ निम्मी ऊर्जा गमावतो. तार मात्र ताणली गेल्यावर मिळालेली बहुतेक सगळी ऊर्जा परत देते. घरी पाहण्यासाठी मी गच्चीवर जुन्या रॅकेटच्या फ्रेमच्या कडा दोन विटांवर टेकवून पुतण्याला त्या घट्ट दाबून धरायला सांगितले आणि तारांवर चेंडू सोडला. सिमेंटवर कमरेपर्यंत येणारा चेंडू तारांवरून स्पष्टपणे अधिक उंच आला. आघात जितका तारेने झेलावा आणि चेंडूला जितके कमी चपटे व्हावे लागावे, तितकी ऊर्जा वाचते. म्हणून सैल तार अधिक जोर देते आणि घट्ट तार कमी. हा फरक लहान आहे, हेही सांगायला हवे: ताण दहा पाउंडांनी उतरवला तरी चेंडूच्या वेगातील वाढ एक-दोन टक्क्यांपलीकडे जात नाही. मात्र सैल तारेवरून चेंडू थोडा वरच्या कोनात निघतो आणि बेसलाइनजवळ, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेजवळ, जाऊन पडतो, त्यामुळे खेळणाऱ्याला तो फरक बराच मोठा भासतो. घट्ट तार नेम धरायला मदत करते असे अनेक खेळाडूंना वाटते त्यामागेही हेच आहे, कारण चेंडू आखूड पडतो आणि बाहेर जात नाही.

हाताच्या दृष्टीने याहून महत्त्वाची बाब अशी की चेंडू तारांवर सुमारे पाच मिलिसेकंद असतो, आणि सैल किंवा मऊ तारेवर हा काळ किंचित वाढल्यामुळे तोच धक्का थोड्या जास्त वेळात विभागला जाऊन त्याचा सर्वोच्च जोर कमी होतो. म्हणजे तारेच्या बाबतीत ताकद आणि आराम एकाच दिशेने जातात. मला ही गोष्ट समजली तेव्हा खरोखर आनंद झाला, कारण एकाची किंमत दुसऱ्याने मोजावीच लागते असे मी तोवर गृहीत धरले होते.

फ्रेमच्या बाबतीत मात्र ती किंमत मोजावी लागते. चेंडू लागताच फ्रेम मागे वाकते, पण ती सरळ होऊन ऊर्जा परत देण्याच्या आत चेंडू तारांवरून निघून गेलेला असतो. वाकण्यात गेलेली ऊर्जा फुकट जाते, म्हणून कमी वाकणारी कडक फ्रेम अधिक ताकदवान ठरते. आणि ती वाकत नाही म्हणूनच धक्का मुठीपर्यंत जास्त तीव्रतेने पोहोचतो. फ्रेमचा कडकपणा आरए या मापात सांगतात आणि आजच्या बहुतेक रॅकेट साधारण 55 ते 75 यांच्या दरम्यान येतात. आकडा जितका मोठा तितकी फ्रेम कडक. माझी 72 होती.

वजनाविषयी तर दुकानातील सल्ला उलटाच निघाला. 56 ते 59.4 ग्रॅमचा चेंडू वेगाने येऊन आदळतो तेव्हा हलकी रॅकेट जास्त मागे ढकलली जाते, केंद्राबाहेर लागल्यास जास्त पिळवटते, आणि तिला आवरण्याचे काम मनगटाच्या त्याच स्नायूंवर येते. जड रॅकेट सारख्याच वेगाने फिरवता आली तर जोर आणि आराम दोन्ही देते. अट एवढीच की ती तिसऱ्या सेटपर्यंत वेळेवर फिरवता आली पाहिजे. मला 300 ग्रॅमपर्यंतचे वजन झेपते. हेड, म्हणजे तारा असलेला भाग, 100 चौरस इंचांचे ठेवले आहे, कारण त्याहून लहान हेडवर माझे बॅकहँड कडेला लागतात.

पॉलिएस्टरची कीर्ती मोठ्या खेळाडूंमुळे पसरली. गुस्तावो कुएर्टनने 1997 मध्ये जागतिक क्रमवारीत 66 वा असताना फ्रेंच ओपन जिंकली, ती याच प्रकारच्या तारेने. ही तार गुळगुळीत असल्याने चेंडूला फिरकी देताना उभ्या तारा सरकतात आणि झटकन जागेवर परत येतात, त्यामुळे पूर्ण ताकदीने मारलेला चेंडूही कोर्टच्या आत उतरतो. पण जे पूर्ण ताकदीने मारतात त्यांच्यासाठीच हा लाभ आहे. ही तार मुळातच कडक असते, तिचा ताण लवकर उतरतो आणि तिची लवचिकता संपल्यावरही ती तुटत नाही, म्हणून आपण मेलेल्या तारेने महिनोन्‌महिने खेळत राहतो. व्यावसायिक खेळाडू प्रत्येक सामन्यासाठी नव्या तारा लावलेल्या रॅकेट आणतात. रॉजर फेडररसारखा खेळाडूसुद्धा उभ्या तारा नैसर्गिक गटच्या आणि आडव्या पॉलिएस्टरच्या ठेवत असे. गुरांच्या आतड्यांपासून बनणाऱ्या या गटवरूनच आपण आजही नायलॉन ओवून घेतानासुद्धा 'गटिंग' म्हणतो. मऊपणात त्याला तोड नाही, पण ते महाग असते आणि विदर्भातील पावसाळी ओल त्याला सोसत नाही.

तारांत अडकवण्याच्या रबरी डॅम्पनरने फक्त तारांचा आवाज मंदावतो. फ्रेमची थरथर तशीच राहते, म्हणून कोपरासाठी त्यावर विसंबू नये. घामाने निसटणारी ग्रिप मात्र जरूर बदलावी, कारण मूठ जितकी आवळली जाते तितका धक्का वर चढतो.

जानेवारीत मी 63 आरए असलेली 295 ग्रॅमची रॅकेट घेतली आणि तिला बारीक धाग्यांच्या पिळाची नायलॉनची मल्टिफिलामेंट तार 48 पाउंडांवर लावून घेतली. पहिले दोन आठवडे माझे लॉब, म्हणजे उंच उचललेले फटके, बाहेर गेले, नंतर हात सरावला. मार्चपासून कोपर दुखलेले नाही, अर्थात यात फिजिओथेरपीच्या व्यायामाचाही वाटा आहे. आता उन्हाळा सुरू झाला आहे. बंद कारमध्ये दुपारभर राहिलेल्या रॅकेटचा ताण उतरतो, आणि तापलेला चेंडू अधिक उसळतो, म्हणून रॅकेटची बॅग मी घरात, कूलरच्या खोलीत ठेवते. रॅकेटच्या गळ्याशी चिकटवलेल्या पट्टीवर तार लावल्याची तारीख 18 जानेवारी आहे. नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागण्यापूर्वी तार बदलून घ्यायची आहे, आणि या वेळी 50 पाउंड सांगणार आहे.