बोर्ड कोणाचा, बोलणी कोणाला

"काका, तो बोर्ड मी नाही हो लावला," बिलिंग काउंटरवरची मुलगी कसंबसं म्हणाली. दिवाळीची गर्दी, मागे लांब रांग, आणि काका सगळ्यांदेखत तिला लबाड म्हणत होते.

दारावर भलंमोठं '५० टक्के सूट'. खाली, वाकून वाचावं लागेल अशा अक्षरांत: निवडक मालावर, दोन नग घेतल्यास.

काकांचा राग खराच होता. पण तो भोगला तिने. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार फसवी जाहिरात थांबवायचा आदेश थेट व्यापाऱ्याला देता येतो. तक्रारीसाठी १९१५ हा हेल्पलाइन नंबर आहे. तिथे फोन करायला हवा, तिच्यावर ओरडून काय मिळणार?

आणि असा बोर्ड ठरवणारे साहेब ऐन दिवाळीत त्या काउंटरवर का उभे राहत नाहीत?