झेडपीचा शिक्षक हायकोर्टात : माझा अनुभव

जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालो आणि पाठोपाठ वसुलीचा आदेश हातात पडला. म्हणे, फार पूर्वी वेतननिश्चिती चुकली होती, जादा गेलेली रक्कम ग्रॅच्युइटीतून कापणार. चूक कार्यालयाची, कात्री माझ्या पैशाला!

‘मॅटमध्ये जा,’ असं सगळे सांगत होते. पण मॅट म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, ते राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी. आम्ही झेडपीवाले त्यात बसत नाही. आमचा रस्ता राज्यघटनेच्या कलम २२६ खाली थेट हायकोर्टात, रिट याचिकेचा.

हायकोर्ट म्हणजे आमच्या भागाला पूर्वी मुंबईची वारी. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि पणजीला खंडपीठं होती, आम्हाला काही नाही. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची सोय झाली. हे काही वेगळं हायकोर्ट नव्हे. कोर्ट १८६२ चं तेच, मुख्य न्यायमूर्तीही तेच. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्यातल्या कलम ५१(३) नुसार राज्यपालांच्या संमतीने मुख्य न्यायमूर्ती दुसऱ्या ठिकाणी न्यायाधीश बसवू शकतात, तेवढंच. त्यासाठी लोकांनी किती वर्षं आंदोलनं केली, ते वेगळंच!

याचिका दाखल झाली की आधी नुसता स्टॅम्प नंबर, म्हणजे तात्पुरता क्रमांक मिळतो. कोर्टाच्या ऑफिसने काढलेली ऑब्जेक्शन्स दूर केल्यावर खरा नंबर. माझं सेवापुस्तक मराठीत आणि कोर्टाचं कामकाज इंग्रजीत. त्यामुळे भाषांतरं आली. पुसट झेरॉक्सही परत आल्या, त्या पुन्हा टाइप करून जोडल्या.

आमचा आधार रफिक मसीह खटल्याचा, सुप्रीम कोर्टाचा २०१४ चा निकाल : निवृत्त किंवा वर्ग तीन-चारच्या कर्मचाऱ्याकडून अशी वसुली नको. पण वकीलसाहेबांचा पहिला प्रश्न होता, ‘गुरुजी, हमीपत्र दिलंय का?’ वेतननिश्चितीच्या वेळी ‘जादा रक्कम परत करीन’ असा छापील कागद पुढे येतो आणि सगळेच सही ठोकतात. २०१६ च्या जगदेव सिंग निकालात तसल्याच हमीपत्रामुळे वसुली कायम राहिली होती. तो कर्मचारी न्यायिक अधिकारी होता, मी वर्ग तीनचा. आमच्या वकिलांनी सगळा भर त्या फरकावर दिला.

तूर्त वसुलीला स्थगिती मिळाली आहे. अंतिम सुनावणी बाकी आहे. पेन्शन मात्र सुरू झाली.