रेंजवाले : आमची वाटचाल

2009 साली आम्ही दोघांनी शिवाजीनगरला गाळा घेतला तेव्हा पाटीवर 'इन-बिल्डिंग सोल्यूशन्स' लिहिलं होतं, म्हणजे इमारतीच्या आत मोबाइलची रेंज पोचवायचं काम. लोक पेस्ट कंट्रोलचं विचारायला यायचे. भागीदार म्हणाला, "अरे, माणसं रेंज म्हणतात, तू रेंज लिही." लिहिलं.

तो आयटीआयचा. अँटेनापर्यंत सिग्नल नेणारी अर्धा इंची फीडर केबल सोलताना आतल्या तांब्यावर ओरखडा उठायचा नाही, असा हात. साइटमास्टर, म्हणजे केबल आणि जोड तपासायचं यंत्र, विकत घ्यायची ऐपत नव्हती, दिवसाच्या भाड्याने आणायचो. म्हणून सगळे कनेक्टर आदल्या रात्रीच बसवून ठेवायचे. व्हीएसडब्ल्यूआर, म्हणजे सिग्नल किती उलटा परततो त्याचं माप, 1.3 च्या वर गेला की तो एक शब्द न बोलता ते तोंड कापून नवं करायचा. माझ्याकडे बिलं आणि ऑपरेटरचे, म्हणजे मोबाइल कंपन्यांचे, उंबरठे.

बाणेर, खराडी, हिंजवडी. काचेच्या इमारती उठत होत्या, कामं मिळत होती. मग बूस्टरवाला आला, बाहेरचा सिग्नल पकडून आत मोठा करणारं यंत्र विकणारा. नाव घेत नाही. आमचं काम म्हणजे ऑपरेटरची मंजुरी, डिझाइन, तीन महिने. हा एका संध्याकाळी यायचा, बारा हजार घ्यायचा आणि 'पाच काड्या गॅरंटी' म्हणायचा. परवान्याशिवाय असलं यंत्र बाळगणं 1933 च्या वायरलेस कायद्यापासून गुन्हा आहे, हे गिऱ्हाइकाला सांगितलं की तो आमच्याकडेच संशयाने बघायचा.

2014 च्या पावसाळ्यात ऑपरेटरच्या इंजिनिअरचा फोन आला. बाणेरच्या सात मजली इमारतीतल्या तुमच्या अँटेनांमुळे आमचा सेक्टर, म्हणजे टॉवरची ती बाजू, आंधळा झालाय. अकरा लाखांची बिलं थांबली. दोन पोरं सोडून गेली, भागीदाराच्या घराचे हप्ते चुकले. 3 जीच्या टॉवरला शांत वेळी उणे 105 डीबीएमच्या आसपास ऐकू यायला हवं (डीबीएम म्हणजे सिग्नलच्या ताकदीचं माप, उण्यातला आकडा मोठा तितकी ताकद कमी), तिथे उणे 84 दिसत होतं. शंभरपटीहून जास्त गोंगाट!

तीन रात्री सिग्नल दाखवणारा अ‍ॅनालायझर आणि यागी, म्हणजे एका दिशेला रोखायची अँटेना, घेऊन गोंगाटाचा माग काढत फिरलो. तिसऱ्या रात्री गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, बाइंडिंग वायरने बांधलेला दुसराच यागी सापडला. त्याच्या बरोबर खालच्या मजल्यावर आतली अँटेना. मांडवात माइक स्पीकरसमोर धरला की जे होतं, तेच. बूस्टर स्वतःचाच आवाज ऐकून किंचाळत होता. भागीदाराने प्लग उपटला. स्क्रीनवरची रेघ धपकन खाली बसली. इंजिनिअर फोनवरच होता. बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मेल टाका."

बिल सात महिन्यांनी आलं, दंड कापून. कसला दंड, ते आजवर कळलेलं नाही. बूस्टरवाल्याने त्याच महिन्यात वाकडला दुकान टाकलं.

त्या सात महिन्यांत आम्हाला जगवलं ते एका सीए साहेबांनी. त्यांचं ऑफिस अर्धवट तळघरात. रिटर्नची मुदत आली की कारकून ओटीपीसाठी जिन्यात रांग लावायचे. त्यांनाही बारा हजारांचा कोट आला होता. म्हणाले, "मी लोकांना नियम पाळायला सांगतो, मला रीतसर करून द्या." मंजुरीला दोन महिने लागले. ते थांबले, आणि केबलचे पैसे आगाऊ दिले.

जाता जाता सांगतो, ऑफिसचं टोकन देण्याआधी काड्या मोजू नका. फोनच्या सेटिंगमध्ये 4 जीचा डीबीएमचा आकडा बघा, तोही बसायच्या जागेवर, दारात नव्हे. उणे 95 असेल तर ठीक. उणे 110 असेल तर भाडं पाडून मागा. आणि ऊन अडवणारी धातूच्या थराची काच लावणार असाल तर ती रेंजही अडवते, म्हणून केबल न्यायच्या शाफ्टचंही आधीच बघा. सगळं झाल्यावर आम्हाला बोलावतात.

मधली वर्षं गेली. वाय-फाय कॉलिंग आलं, पाठोपाठ लॉकडाउन. भागीदार 2021 ला गावी गेला, केबल सोलायची सुरी मला देऊन.

गेल्या महिन्यात सीए साहेबांकडे 5 जीची मोजणी करायला गेलो. सीलिंगची फरशी सरकवली तर कपलरवर, म्हणजे सिग्नल वाटून देणाऱ्या डबीवर, मार्करने भागीदाराच्या अक्षरात तारीख आणि खाली तेव्हाचा व्हीएसडब्ल्यूआर, '1.18'. कपलर 2500 मेगाहर्ट्झपर्यंतचा, 5 जीच्या 3.5 गिगाहर्ट्झला चालायचा नाही, बदलावाच लागणार. उत्सुकता म्हणून मीटर लावला. 1.2 आलं. फरशी परत बसवली.