करंजीचं कातणं आणि गणिताच्या बाई

आपल्या शाळेच्या सुवर्ण महोत्सवाचं आमंत्रण व्हॉट्सॲपवर आलं, फोनने ते वाचून दाखवलं आणि आधी आठवल्या त्या आपल्या गणिताच्या बाई. बाकी सगळ्या सरांबद्दल आदर आहेच, पण मी लिहिणार बाईंवरच.

मला जन्मापासून दिसत नाही. सातवीपर्यंत अंधशाळेत होतो, आठवीला एकात्मिक शिक्षण योजनेतून, म्हणजे दिव्यांग मुलांना नेहमीच्या शाळेत घ्यायच्या योजनेतून, आपल्या शाळेत आलो. तेव्हा अंध मुलांना दहावीला बीजगणित-भूमितीऐवजी सातवीचं अंकगणित घ्यायची सवलत होती, त्यामुळे गणिताच्या तासाला हा नुसता बसून राहणार असं सगळ्यांनी धरूनच टाकलेलं. बाई म्हणाल्या, "सवलतीचं दहावीत बघू रे, आधी त्रिकोण कसा असतो तो तर बघ."

आणि दुसऱ्या दिवशी घरून चक्क करंजीचं कातणं घेऊन आल्या! खाली सायकलची जुनी ट्यूब कापून पसरली, वर ड्रॉइंगचा जाड कागद, त्यावर कातण्याचं दातेरी चाक दाबून फिरवलं की मागच्या बाजूला ठिपक्यांची रेघ उठायची. पहिल्याच काटकोन त्रिकोणाला घोळ झाला, फळ्यावर काटकोन डावीकडे आणि माझ्या बोटाला लागला उजवीकडे. मी म्हटलं बाई, कागद उलटला की बाजू पण उलटते, म्हणून तर आम्ही पाटीवर ब्रेल उजवीकडून डावीकडे टोचतो. बाई वर्गाला म्हणाल्या, "ऐकलंत? आज ह्याने मला शिकवलं." तेव्हापासून त्या आकृती आधीच उलटी काढायच्या, मधल्या सुट्टीत, डबा तसाच बाजूला ठेवून. पायथागोरस, वर्तुळाची स्पर्शिका, सगळं मी बोटांनी पाहिलंय. सवलत घेतलीच नाही. बोर्डाच्या पेपरला नववीतला लेखनिक होता, त्याला आकृती तोंडी सांगितल्या.

आज बँकेत कर्ज विभागात आहे, स्क्रीनवरचं वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर सगळी कामं करतो, आकड्यांची भीती कधी वाटली नाही ती बाईंमुळे.

आता दिव्यांगांच्या हक्कांचा 2016 चा कायदा आहे, त्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व धरलंय, 40 टक्के किंवा जास्त असेल तर 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिकायचा हक्क आहे. शाळाशाळांत रॅम्प झाले, चांगलंच झालं. पण ओळखीचे पालक सांगतात, नाव पटावर असतं, दिव्यांग मुलांना शिकवणारे विशेष शिक्षक फिरतीवर कधीतरी येतात आणि बाकी दिवस पोरगं मागच्या बाकावर बसून घरी येतं. फार वाईट वाटतं हो ऐकून.

महोत्सवाच्या निधीतून कमान बांधायचं चाललंय असं कळलं. समितीला हात जोडून विनंती आहे, आधी शाळेत एक पूर्णवेळ विशेष शिक्षक नेमा. माझा वाटा मी त्यासाठीच पाठवतोय.